ओपन बुक

एनर्जी ऑडिटरची परीक्षा कितपत कठीण असते, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेतो. तो स्वतः बसणार असेल तर 'महाकठीण' म्हणतो, कारण मी पास झालोय. त्याचा मुलगा आयआयटीत असेल तर 'तसं काही नाही हो' म्हणून विषय बदलतो. निकाल लागायच्या आधी मात्र मी भोपाळच्या अख्ख्या पिपलानीत 'सोपा होता' सांगत हिंडत होतो. पेपरची काठिण्यपातळी निकालाच्या दिवशी ठरते.

परीक्षेला बसलो ते काही देशाची वीज वाचवायला नव्हे. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद. इंजिनियरला पदवीनंतर सहसा कुणी काही विचारत नाही. मंडीदीपच्या आमच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंटकडे सरकारी परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, आणि 'वाफ कमी का?' म्हणून त्याला दटावणाऱ्या माझ्याकडे नुसती भिंतीवरची फ्रेम. त्यात भाचा अमेरिकेत आठ तासांची परीक्षा देऊन पी.ई. (प्रोफेशनल इंजिनियर) झाला. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, आपल्याकडे असलं काही नसतं ना रे?" ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला.

आमच्या वेळी पेपर चार. पहिले तीन दीडशे गुणांचे, तीन-तीन तासांचे. चौथा शंभराचा, दोन तासांचा, आणि ओपन बुक!

या ओपन बुकबद्दल जरा बोलू द्या. पुस्तकात बघून लिहायचं म्हटल्यावर माणसाचा अभ्यास संपतो आणि बांधाबांध सुरू होते. ब्युरोची चार गाइडं, वाफेचे तक्ते, सायक्रोमेट्रिक चार्ट, कॉलेजातलं थर्मोडायनॅमिक्स (त्यात एंट्रॉपीच्या व्याख्येशेजारी वर्गातल्या एकीचं नाव होतं, ते सौ.नं कधीच खोडलंय), शिवाय पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. सौ. म्हणाली, "अहो, परीक्षेला निघालात की बदली झालीय?" केंद्रावर बघतो तर एकानं चाकांची बॅग आणलेली. मला माझी पिशवी एकदम गरीब वाटायला लागली. शेजारचा विशीतला पोरगा एकच वही घेऊन आलेला. त्याची तर कीवच आली. मग पेपर हातात पडला. पुस्तकात सगळं असतं, ते कुठल्या पानावर असतं एवढंच आपल्याला ठाऊक नसतं. चिठ्ठ्यांचे रंग मी कोणत्या हिशेबानं लावले होते, हेही त्या क्षणी आठवेना. पोरानं पुरवणी मागितली तेव्हा मी अनुक्रमणिकेत होतो.

तिसऱ्या पेपरात रेफ्रिजरेशन येतं. एक टन म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. इतक्या टनांचं यंत्र बंद ठेवलं तर वीज किती वाचेल, असली गणितं मी झोपेतही सोडवीन. भोपाळात बसून सोडवताना मात्र पेन अडतं. इथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्या थंड ठेवायला तीस टनांचं यंत्र होतं. १९८४च्या जूनमध्ये ते बंद केलं गेलं, आणि वायुगळतीच्या रात्री, २ डिसेंबरला, टाकी तापायला लागली तेव्हाही बंदच होतं. बचतीचा हिशेब तिथेही कुणीतरी मांडला असेल, आणि उत्तर बरोबरही आलं असेल. त्या कागदावर सही करणाऱ्याची परीक्षा कुठल्या पेपरात घ्यायची? त्या रात्रीच्या आठवणीत २ डिसेंबरला आपण प्रदूषण नियंत्रण दिन पाळतो, १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन. मधल्या बारा दिवसांवर एखादा दहा गुणांचा प्रश्न यायला हवा. आमच्या चार पेपरांत तो कुठे नव्हता.

असो. तुम्हाला बसायचं असेल तर जरूर बसा. पन्नास टक्क्यांना पास करतात, कॅल्क्युलेटर हाताखालचा असू द्या. पुस्तकं माझी घेऊन जा, चिठ्ठ्यांसकट आहेत. फक्त माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले तर ती परत करायला येऊ नका.