गप्पांवर चालणारी गाडी

जुन्या ट्रकचा अस्सल मालक ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तो ट्रकला कधी ट्रक म्हणत नाही. त्याच्या तोंडी ती ‘गाडी’. घरची माणसं ज्यातून लग्नकार्याला जातात ते चारचाकी वाहन त्याच्या हिशेबी गाडीत मोडतच नाही. ते ‘ते’ असतं. दुसरी खूण, हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहते आणि सत्यनारायणाच्या पूजेतही ती जात नाही. तिसरी आणि पक्की खूण, हा माणूस एकटा सापडत नाही. निगडीचं ट्रान्सपोर्टनगर घ्या, कळंबोलीचा लोखंडबाजार घ्या, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावचं स्पेअरपार्टचं दुकान घ्या. शेजारच्या टपरीवर असे चौघे जमलेले असतात. समोर गाडी जॅकवर, एक चाक खाली उतरवलेलं आणि त्या चाकावरच एकजण बैठक मारून बसलेला. पाना एकाच्या हातात आणि तोंडं चौघांची चालू. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. बाजारात हिशेब केला तर मात्र उलटं दिसतं. जी गाडी बंद पडून गोठ्यामागे गंजायला हवी होती ती धावतेय, आणि धावतेय ती या टपरीमुळेच. जुन्या गाडीला डिझेल लागतं, ऑइल लागतं, ग्रीस लागतं. पण ज्याच्यावाचून अडतं ते इंधन म्हणजे गप्पा.

हे पटायला गप्पांचा पहिला अध्याय ऐकावा लागतो. तो असतो कुळकथेचा. टाटांची टेल्को आणि जर्मनीची डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ सालचा, तो १५ वर्षांनी १९६९ मध्ये संपला आणि नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे ‘टी’ आला, हे यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा नीट आठवतं. समोरचा लेलँडवाला असेल तर त्याच्या घरी सगळं प्राणिसंग्रहालय: बीव्हर, हिप्पो, टॉरस, टस्कर. मंडळीत एखादा फारच वडीलधारा असेल तर तो कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली डॉज आणि फार्गो काढतो, आणि मग बाकीचे आदराने चहा सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे गोत्र-प्रवर कशाला? तर दुकानात पार्ट मागायला. टाटाचं ६९२ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर; ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७चा बोअर. १२१० म्हणजे ढोबळमानाने १२ टन एकूण वजन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. जो आकड्यांतली ही वंशावळ विसरला, तो ९२च्या बोअरला ९७चा पिस्टन घेऊन घरी येतो. लग्न जुळवताना पत्रिका बघणारे फसलेले ऐकले आहेत. इथे पत्रिका न बघणाराच फसतो. त्यातून गाडीच्या आयुष्यात दोन-तीनदा इंजिन बदललेलं, गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा आणि हौदा तिसऱ्याच गावी बांधलेला. असल्या गाडीचं पुस्तक कुठल्या कंपनीने छापावं? ते पुस्तक चौघांत मिळून तोंडपाठ असतं, आणि पाठांतराची सवय मोडू नये म्हणून रोज म्हणावं लागतं.

दुसरा अध्याय निदानाचा. या गाडीत दिवा लागून दोष सांगणारी यंत्रणा नाही. ती बोलते ती धुरातून आणि आवाजातून, आणि तिची भाषा समजायला वैद्याची नजर लागते. धूर काळा असेल तर डिझेल जास्त जातंय किंवा हवेचा फिल्टर चोंदलाय. निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय, म्हणजे रिंगा आणि लायनर यांची वेळ भरत आली. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय, आणि इंजिन तापल्यावरही तो पांढराच राहिला, वर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर हेडगॅस्केट गेलं. हे तीन रंग तीन ओळींत सांगता येतात, पण तीन ओळी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून ते गोष्टीत घातले जातात. गोष्टीचा साचा ठरलेला: रात्रीचा एक, धो धो पाऊस, खंबाटकी नाहीतर कसारा, मागे भरलेला माल, क्लीनर नवीन आणि आसपास चिटपाखरू नाही. अशा वेळी गाडी हवा धरते. मग निवेदक चहाचा घोट घेऊन सविस्तर सांगतो, फिल्टरवरचा स्क्रू कसा सैल केला, हातपंप कसा मारत राहिला, आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे संपून डिझेलची सरळ धार लागली तेव्हा स्क्रू आवळला आणि गाडी एका स्टार्टरला उठली. यातला पाऊस वजा करा, रात्र वजा करा, चिटपाखरू परत आणून बसवा. उरते ती डिझेलच्या लाइनमधली हवा काढण्याची अचूक कृती, पायऱ्या न चुकवता सांगितलेली. पावसाचं काम एवढंच की ऐकणाऱ्या पोराला ती दहा वर्षांनी आठवावी. घाट उतरण्याची गोष्टही तशीच. तिच्यात कुणीतरी डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडतो, ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात, आणि पुढचं वळण येतं. तात्पर्य, ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरावं. कीर्तनकार बुवा पूर्वरंग-उत्तररंग करतात ते काही वेगळं करत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की हे लोक थापा मारतात. मारतात, आणि सढळ हाताने मारतात. नऊ टनांची गाडी गोष्टीत पंधरा टन ओढते आणि चौथ्या वेळी सांगताना वीसवर जाते. पण थाप कुठे मारायची याचे या सभेत कडक नियम आहेत. मालाचं वजन, पावसाचा जोर, मालकाचं शौर्य आणि ढाब्यावर खाल्लेल्या भाकऱ्या, एवढ्या चार बाबतींत मुभा आहे. नटाचं माप, पिस्टनचा बोअर, नोझलचं सेटिंग यांत कुणी पाव मिलिमीटर इकडेतिकडे केला की बाकीचे तिघे कप खाली ठेवतात. कारण साधं आहे: उद्या त्यांना त्याच मापाचा पार्ट आणायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार गाठायचा असतो, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर नवा करून घ्यायचा असतो. वीस टनांच्या थापेने कुणाचा खिसा हलका होत नाही, चुकीच्या मापाने होतो. विद्वानांच्या परिषदेत निबंध वाचणाऱ्याला त्याच्या निष्कर्षावर स्वतःची बायको-मुलं बसवून घाट उतरायचा नसतो. इथे उतरायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या गाड्या धूर ओकतात, त्यांचे ब्रेक थकलेले असतात, त्या रस्त्यावर असाव्यातच कशाला? सरकारचंही तेच मत दिसतं. व्यापारी गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग. शिवाय १ एप्रिल २०२२ ला १५ वर्षांवरच्या अवजड गाडीच्या फिटनेसची फी १२,५०० रुपये करण्यात आली. धुराबद्दल टपरीवरचा बचाव लंगडा आहे. ‘अहो, पंप नीट सेट केला तर धूर दिसतसुद्धा नाही’ हे मालक छातीवर हात ठेवून सांगतो. पण न दिसणारा धूरही धूरच असतो, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाडीशी त्याची तुलना होत नाही. तेव्हा या गाड्यांनी मुंबई-दिल्ली मालवाहतूक करावी असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मौज अशी की ते त्याही म्हणत नाहीत. ट्रकला चार आश्रम असतात. उमेदीत तो लांब पल्ल्यावर परमुलूख बघतो. मग जिल्ह्याच्या आत विटा-वाळू वाहून प्रपंच करतो. वानप्रस्थात गळीत हंगामापुरता शेतातून साखर कारखान्यापर्यंत ऊस नेतो. आणि शेवटी पाठीवर टाकी घेऊन उन्हाळ्यात टंचाईच्या गावांना पाणी पाजतो. वर्षातले चार महिने, तेही पंचवीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्या, एवढ्यासाठी नव्या गाडीचा हप्ता बारा महिने कोण भरणार? ज्याचं उत्तर हप्त्याच्या चोपडीत नाही ते मालकाला टपरीवर मिळतं. ब्रेकला मात्र कुठल्याच आश्रमात सूट नाही, आणि हे त्यांच्यातला कुणीही गोष्ट न सांगता, एका वाक्यात सांगतो. बहुधा हे एकच वाक्य ते अलंकाराविना बोलतात.

तिसरा आक्षेप घेतला जात नाही, पण घ्यायला हवा. या पराक्रमकथांत नायक गाडी असते, निवेदक मालक असतो आणि घाम ड्रायव्हरचा असतो. पॉवर स्टिअरिंग नसलेलं ते थाळीएवढं चाक वळवताना खांदे कुणाचे भरून येत, इंजिनाच्या झाकणाशेजारी मे महिन्यात कोण भाजून निघे, आणि ‘जुन्या गाडीची मजाच और’ हे कोण म्हणतो, याचा मेळ घातला की गोष्ट जरा फिकी पडते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला; त्यावर टपरीवर ‘आता ड्रायव्हर झोपणार’ असा शेरा पडला, तर तो पंख्याखाली बसूनच पडलेला असतो. इथे या माणसाची बाजू घेता येत नाही. घ्यायची तर एवढीच की त्या चौघांत निदान एकजण जुना ड्रायव्हर असतो आणि तो या शेऱ्यावर हसत नाही. त्याच्या न हसण्याकडे बाकीच्यांनी लक्ष दिलं, तर गप्पांच्या पुस्तकात आणखी एक उपयुक्त पान भरेल.

उरला प्रश्न हा की नव्या गाड्यांनी ही जात संपेल का. नव्या गाडीत दोष लॅपटॉप सांगतो, धुरावर युरिया शिंपडला जातो, सेन्सर रुसला तर गाडी स्वतःहून जोर कमी करते. तिथे कान आणि नाक घेऊन काय करायचं? टपरीवरचा एखादा अण्णा यावर खिन्न होतो. त्याने होऊ नये. कारण वॉरंटी संपलेल्या नव्या गाडीचा मालक आताच त्या टपरीवर येऊन उभा राहू लागलाय, आणि युरियाच्या टाकीत काय पडलं होतं, कुठला सेन्सर काढून नुसता पुसून बसवला, हे दबक्या आवाजात विचारू लागलाय. २०२० सालची गाडी २०३५ मध्ये १५ वर्षांची होईल. तेव्हा कुणीतरी उतरवलेल्या चाकावर बसून सांगत असेल: रात्रीचा एक, धो धो पाऊस, खंबाटकी, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पाऊस तोच असेल. सेन्सरचा नंबर मात्र बरोबर असेल.