वसंताची आणेवारी

कालिदासाने ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासून करून वसंताला सहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या सर्गात बसविले आहे. परंतु नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या निडी गावात ज्याने परसबाग राखली आहे, त्याला या दोन ऋतूंमध्ये चार सर्गांचे अंतर ठेवण्याची महाकवीची चैन कदापि परवडणारी नाही. आमच्याकडे हे दोघे एकाच गाडीने स्थानकावर उतरतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळून कुंपणाच्या मेढी उपटून नेणारा पाऊस आश्विनात एकदा दप्तर बांधून चालता झाला, की ज्येष्ठापर्यंत त्याचा ठावठिकाणा लागत नाही. आणि फाल्गुनात रहाटाच्या दोराला जोड द्यावी लागली, म्हणजे वसंत हुजूर दाखल झाला असे समजावे.

अशा कोरड्या मुहूर्तावर फुलण्याचे साहस आमच्या वृक्षांनी का करावे, याचे उत्तर मात्र मोठे हिशेबी आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर ही मंडळी आधी पाने टाकून पाण्याचा खर्च छाटतात, मग उघड्या फांद्यांवर फुलांचा भडक जाहीरनामा लावून पक्ष्यांना पाचारण करतात आणि पावसाच्या तोंडाशी बी तयार ठेवतात. आमच्या कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली सरकारी हुकुमाने रायगड असे नामांतर झाले, तरी या वहिवाटीत एका पाकळीचाही फरक पडलेला नाही. अंगणातला चाफा तर मूळचा अमेरिका खंडातला. पण आपल्या मांसल खोडात पाणी साठवून, पान नसताना फुले ढाळीत तो देवळाच्या आवारात असा काही स्थिरावला आहे, की त्याची सनद पुराणकाळापासूनची असावी असे कोणालाही वाटावे.

आंब्याची गोष्ट निराळी, आणि उद्यमशील माणसाला काहीशी अपमानास्पद. पावसाळा सरल्यावर मुळाशी ओल घटून झाडाला ताण बसावा, त्यावर पौषातली थंडी मिळावी, तेव्हा मोहोर. त्या दिवसांत कोणी कळवळून कळश्या ओतल्या, तर मोहोराऐवजी कोवळी पालवी हाती येण्याचा संभव अधिक. म्हणजे मालक जितका आळशी, तितकी बाग फलद्रूप! मोहोराचा तुरा जवळ ओढून पाहावा, तर तुडतुडे तडतड उडून तोंडावर येतात आणि खालच्या पानावर त्यांनी सांडलेल्या चिकट रसाला बोट चिकटते. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांवर फुले. त्यांतील बहुतेक नर, आणि अखेरपर्यंत टिकणारे फळ एखाददुसरे. परागीभवनाचे काम पाहतात माश्या, आणि त्यांत घरात ज्यांच्यावर आपण पंचा उगारतो त्याही आल्या. तेव्हा आमरसाच्या वाटीवरून माशी हाकलणे हा कृतघ्नपणाच म्हटला पाहिजे.

कोकिळेविषयी कवींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. गातो तो नर, हे त्यांतल्या पुष्कळांच्या लक्षात आले नाही. आणि मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून जे कूळ लावून देते, त्याला हुसकण्याची तरतूद कुळकायद्यातही नाही.

परंतु आमच्या वसंताचा खरा दिवाणी मामला फुलांचा नसून पातेऱ्याचा आहे. आंबा, फणस आणि साग यांची वाळली पाने अंगणात गुडघाभर साचली, की एकाच मिळकतीवर तीन दावेदार उभे राहतात. शेजारचे वृद्ध शेतकरी टोपली घेऊन येतात आणि म्हणतात, “काका, पातेरा जाळू नका हो, आमच्या राबाला लागतो.” कारण भाताचे रोप करण्यापूर्वी त्या जागेवर पाला, शेण आणि कवळ पसरून ती भाजली, म्हणजे तण कमी उगवते. मला तोच पातेरा झाडांच्या आळ्यांत ओल धरण्यासाठी हवा असतो. आणि घरातून तिसरा अर्ज दाखल होतो: “अहो, कोणालाही द्या, पण आज अंगण मोकळं करा. त्यात विंचू निघाला म्हणजे कळेल!”

अखेर निवाडाही त्याच न्यायासनावरून मिळतो. सागाचा आणि फणसाचा पाला राबाला, आंब्याचा आंब्याच्या आळ्याला, आणि विंचू निघाल्यास तो बागाईतदाराच्या हिश्शाचा. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला पूर्वीपासून लावून दिलेले असल्यामुळे त्याविषयी तक्रारीला जागा उरत नाही.

तेव्हा ज्यांना कोरड्या मुलखात बाग करण्याची हौस आहे, त्यांना माझी एवढीच विनंती: नव्या कलमाला पाणी अवश्य घाला, जुन्या आंब्याला मात्र फळ धरेपर्यंत तहानलेला राहू द्या, पडलेले पान त्याच झाडाच्या मुळाशी लोटा, आणि उरलेला वेळ सावलीत बसून काढा. बसायला खुर्ची मात्र आधी झटकून घ्यावी. विंचवांना निवाड्याची प्रत पोहोचलेली नसते.