रा. रा. बॅटिंगराव यांस
मुक्काम पोस्ट : क्विल्टच्या दोन कापडांच्या मधोमध, कापसाचा थर म्हणून

सा. न. वि. वि.

आपलं अभिनंदन करावं म्हणून हे खुलं पत्र. पहिल्याच धुण्यात 90 इंचांचं क्विल्ट साडेशहाऐंशीवर आणून दाखवलंत, रुंदीतही 60 चे 58! तीन महिने जागून जुळवलेल्या चौकोनांवर सुरकुत्याच सुरकुत्या. भाचीने विचारलं, "मावशी, इस्त्री राहिली का गं?"

आता पाकिटावर 3 ते 5 टक्के आटण्याची कबुली आपण बारीक अक्षरांत दिली होती म्हणा. मी ती वाचली नाही. वरचं-खालचं कापड मात्र आधी धुऊन घेतलं, आणि आपल्याला पाहुणे समजून कोरडंच आत बसवलं. कापड आटायचं तेवढं आटून मोकळं झालेलं. पाणी लागताच अंग चोरलंत ते आपण एकट्यानेच.

आजीच्या गोधडीत हा तंटा नव्हता. तिच्या पोटात विरलेली लुगडी आणि धोतरं, वर्षानुवर्षं दगडावर आपटलेली. आटायला उरलंय काय त्यांच्यात? वरून धावदोरा घातला की झालं. रजईतले आपले चुलते तर पाण्याच्या वाटेलाच जात नाहीत. खोळ धुवायची, त्यांना पिंजाऱ्याकडे धाडायचं.

अमेरिकेत म्हणे आपल्या याच गुणावर भाळणाऱ्या बायका आहेत. क्विल्ट जुन्यासारखं चुरगळलेलं दिसावं म्हणून आपल्याला मुद्दाम न धुता घालतात. असते एकेकीची हौस. मला भाचीचे पाय झाकायचे होते.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले, तीही अर्धवटच. आपल्याला थेट वॉशिंग मशीनमध्ये घुसळलं. बाहेर आले ते गोळे आणि भोकं. नाजूक प्रकृती आपली. अख्खा तुकडा उशांत भरावा लागला.

तेव्हा यंदा पाकीट चष्मा लावून वाचलंय. 'आधी धुऊ नये' असं त्यावर कुठेही नाही, म्हणजे आपली सुटका नाही. उद्या सकाळी टबात कोमट पाणी काढते. 20 मिनिटं निवांत पडून राहा. चोळणार नाही, पिळणार तर मुळीच नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढीन आणि आडवंच वाळवीन, कारण दोरीवर टाकलं की आपण भलतीकडे लोंबता. दुकानदार 20 टक्के पॉलिस्टरवाल्या आपल्या भावाची शिफारस करतोय, कमी आटतो म्हणे. त्याला अजून होकार दिलेला नाही.

वाळलात की कापडापेक्षा चहूबाजूंनी दोन-दोन इंच जास्तच कापीन. विश्वास नाही असं समजा.

आपली,
साडेतीन इंचांची धनको