टॅबलेटचं बारसं

मे महिन्यात दुपारी यवतमाळचा शहाणा माणूस कूलरसमोर आडवा होतो. ज्याला तेवढंही सुचत नाही, तो जुन्या टॅबलेटवर लिनक्स टाकायला बसतो. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि टॅबलेटची पाठ त्याहून तापलेली.

टॅबलेट विंडोज ८.१चा, स्वस्तात घेतलेला. कंपनीचं नाव राहू द्या. १० जानेवारी २०२३ला मायक्रोसॉफ्टनं ८.१वरचा हात काढून घेतला आणि आमचा टॅबलेट फ्रिजवर जाऊन बसला. बायको त्यावर दुधाचा हिशेब ठेवायची. त्यात नव्हे, त्यावर. काळ्या काचेवर खडू छान उठतो. मी आधी तो हिशेब कॅलेंडरवर उतरवून घेतला. बॅकअप घेण्याजोगा तेवढाच डेटा होता.

मग त्याची कुंडली मांडली. इंटेलच्या बे ट्रेल ॲटमवर त्या काळात जे स्वस्त टॅबलेट निघाले, त्यांतल्या पुष्कळांचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण त्याला झोपेतून उठवणारं फर्मवेअर मात्र ३२ बिटचं. मालक इंग्रजी शिकलेला आणि दारावरचा गडी फक्त झाडीबोली समजणारा, असा संसार. पेनड्राइव्हवर बूटआयए३२ नावाची फाइल नेमक्या फोल्डरात ठेवली, तरच गडी दार उघडतो.

शिवाय भोक एकच. चार्जिंग त्यातूनच, कीबोर्ड आणि पेनड्राइव्हही त्यातूनच. म्हणजे लिनक्स टाकायचं तर चार्जर काढा, आणि चार्जर लावायचा तर लिनक्स विसरा. दत्त चौकातल्या मोबाइलवाल्यानं ओटीजी केबल आणि हब काढून दिलं, पैसे मोजून घेतले आणि मग सल्ला दिला, "कायले डोकं लावून राह्यले भाऊ? नवाच घ्या ना." हाच सल्ला आधी दिला असता तर त्याचं गिऱ्हाईक गेलं असतं. धंदा असा करावा.

इन्स्टॉलची पट्टी पुढे सरकत होती आणि बॅटरीचा आकडा मागे. पट्टी जेमतेम जिंकली. स्क्रीन लागला, पण आडवा. टॅबलेट फिरवला की तोही फिरायचा आणि पुन्हा आडवाच. शेजारचे काकाजी मान खांद्याला टेकवून बघत म्हणाले, "आडवं पडूनच वाचा लागते काय बाप्पा हे?" कारखान्यात तोल सांगणारा सेन्सर बोर्डावर हव्या त्या दिशेनं चिकटवतात आणि कुठे चिकटवला ते विंडोजच्या ड्रायव्हरला सांगतात. लिनक्सला कोणी सांगत नाही. आपण सांगायचं. एका फाइलीत तीन बाय तीनचं मॅट्रिक्स लिहायचं: शून्य, एक, वजा एक. बारावीत या मॅट्रिक्सचा पुढे काय उपयोग, असं विचारल्यावर सरांनी बाहेर उभं केलं होतं. उपयोग हा होता, सर.

खरी गंमत टचची. या टॅबलेटातल्या टच चिपला स्वतःची स्मरणशक्ती नसते. दर वेळी टॅबलेट सुरू झाला की तिला तिचं फर्मवेअर नव्यानं भरवावं लागतं, तेव्हा कुठे बोट म्हणजे काय ते तिला कळतं. ते फर्मवेअर विंडोजच्या ड्रायव्हरातून उपसून काढायचं. पुढचं काम हान्स द खूड नावाच्या डच प्रोग्रॅमरनं करून ठेवलंय. त्यानं आणि त्याच्यासारख्या इतरांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये जगभरच्या फालतू टॅबलेटांची यादीच लावली आहे. प्रत्येकाचं नाव, काचेची लांबी-रुंदी, कोणता अक्ष उलटा आणि कोणाची अदलाबदल झालेली, सगळं त्यात. ज्या टॅबलेटांची त्यांच्या कंपन्यांनीही कधी चौकशी केली नाही, त्यांची ही माणसं एवढी काळजी का घेतात, देव जाणे. मला तरी हे संतांचं काम वाटतं.

यादीतलं नाव जुळवायचं तर आधी आपल्या टॅबलेटचं नाव हवं. ते बोर्डात लिहिलेलं असतं. मी आज्ञा देऊन विचारलं. उत्तर आलं: टू बी फिल्ड बाय ओईएम. म्हणजे इथे कंपनीनं नाव लिहावं. कंपनीनं लिहिलंच नव्हतं! उत्पादकाच्या रकान्यात तेच, मॉडेलच्या रकान्यातही तेच, कोरा फॉर्म तसाच दुकानात. अशा बेवारश्यांची ओळख यादीवाले बायोसच्या तारखेवरून पटवतात. मग मीही माझ्या टॅबलेटची नोंद तारखेवरून केली, वाय अक्ष उलटा टाकला, आणि बोट जिथे ठेवलं तिथेच बाण आला.

तसा हा उद्योग जुनाच. ११ नोव्हेंबर २०१२ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते 'आकाश २' हा टॅबलेट निघाला. सरकारची खरेदी किंमत २२६३ रुपये, मेमरी ५१२ एमबी. तेवढ्याशा जागेत पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी एसडी कार्डावरून लिनक्स चालवलं होतं. माझ्याकडे तर दोन जीबी. श्रीमंतीच म्हणायची.

वायफायनं त्रास दिला नाही. त्याचा ड्रायव्हर २०१७मध्येच कर्नलच्या ओसरीवर आला होता. आवाज आधी फक्त हेडफोनमधून यायचा, तो स्पीकरवर आणला. कॅमेरा मेलेला आहे आणि मी त्याला उठवणार नाही. घरातल्या मंडळींना व्हिडिओ कॉलवर माझा बनियन दिसत नाही, हे सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

ही कीर्ती पुसदपर्यंत पोचली. भाचा एसटीनं आला, पिशवीतून टॅबलेट काढून म्हणाला, "मामा, सेम टू सेम तुमचाच आहे. दहा मिनटाचं काम."

पाठीवरचं मॉडेल तेच होतं. माझी फाइल टाकली. भाच्यानं खाली बोट ठेवलं, बाण वर गेला. डावीकडे ठेवलं, बाण जागचा हलेना. नाव विचारलं: टू बी फिल्ड बाय ओईएम. तारीख निराळी, आत टचची चिपही निराळी.

"मामा, संध्याकाळची गाडी भेटन ना?"

मी बायकोला आतून गादी काढायला सांगितली.