झांज आधी, आवाज नंतर : थेट प्रक्षेपणाचे पहिले धडे

मंडळाने गणपतीचं ऑनलाइन दर्शन तुमच्या गळ्यात मारलंय? अभिनंदन! चित्र आणि आवाज एकत्र कुणीही पोचवेल. त्यांची कायमची फारकत करायला मात्र अभ्यास लागतो.

१. घड्याळं वेगळी ठेवा. कॅमेऱ्याचं एक, साउंडकार्डचं दुसरं. दहा लाख ठोक्यांमागे फक्त ५० ठोक्यांचा फरक असू द्या. तासाभरात १८० मिलिसेकंदांचं अंतर आपोआप पडतं. तुम्ही चहा घ्या.

२. टाइमस्टॅम्पची थेट वजाबाकी करा. आरटीपी या चित्र-आवाज पाठवायच्या पद्धतीत चित्राचे ठोके सेकंदाला ९०,०००, ओपस कोडेकमधल्या आवाजाचे ४८,०००, आणि दोघांची मोजणी वाटेल त्या आकड्यापासून सुरू होते. बिचकू नका. उत्तर येतंच, ते कशाचं, हे कोण विचारतंय?

३. आरटीपीच्या जोडीने येणारे आरटीसीपीचे सेंडर रिपोर्ट फेकून द्या. ‘हा टाइमस्टॅम्प पडला तेव्हा खरे इतके वाजले होते’, हे त्यांत असतं. चुकून वाचलेत तर चित्र-आवाज जुळतील.

४. पॅकेट पोचल्याची वेळ हीच त्यातलं चित्र-आवाज टिपल्याची वेळ धरा. नेटवर्क अडखळलं की आरतीही अडखळेल. भक्त समजूतदार असतात.

५. डीटीएस (फ्रेम उलगडण्याची वेळ) आणि पीटीएस (ती दाखवण्याची वेळ) एकच माना. पुढच्या फ्रेमवरही विसंबणाऱ्या बी-फ्रेम असल्या की उलगडण्याचा क्रम वेगळा, दाखवण्याचा वेगळा. पण एवढा भेदभाव बरा नव्हे. पुजाऱ्याचं निरांजन दोन पावलं मागे जाईल, जाऊ द्या. एफएफएमपेग हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर इशारे देऊ लागलं तर लॉगची खिडकी मिटा.

६. चाचणी दहा मिनिटांत उरका. आरटीपीचा ३२ बिटांचा आकडा ९० किलोहर्ट्झला फार तर १३ तास १५ मिनिटांत शून्यावर येतो. दर्शन चोवीस तास चालणार, म्हणजे तो क्षण बहुधा तुमच्या झोपेत येईल. सोयीचंच.

७. थोडी दया दाखवा: आवाज मागेच ठेवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) १९९८च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला कळतो; मागे पडलेला कळायला १२५ लागतात.

८. तक्रार आलीच तर आवाज ठरावीक अंतराने सरकवणाऱ्या सिंक ऑफसेटमध्ये अंदाजे आकडा टाका. फरक सरकत राहणार आणि आकडा जागच्या जागी, त्यामुळे तासाभराने पुन्हा बोलावणं येईल. जा, गंभीर चेहऱ्याने नवा आकडा टाका, प्रसाद घ्या. घड्याळं एकदाची जुळवून टाकलीत, तर पुढच्या वर्षी मंडळ तुम्हाला विचारेल कशाला?