खोलीवाले आप्पा

चाकणजवळ नाणेकरवाडी, खराबवाडी कुठंही जा, एमआयडीसीत जमीन गेलेल्या आळीत एक आप्पा असतातच. उरलेल्या गुंठ्यांवर पत्र्याच्या आठ खोल्या, दारात बुलेट, आणि भाड्याची वही बायकोच्याही हाती न देण्याचा बाणा.

आप्पांचा कागदपत्रांवर भारी जीव. खोली बघायला आलेलं पोरगं लातूरचं असो नाहीतर बिहारचं, पहिला सवाल "आधार?", दुसरा "पॅन?", तिसरा "कंपनीचं आयकार्ड?" मग मायेनं सांगणार, "पोलिसांना माहिती द्यावी लागते बाळा, दिवस वाईट आलेत." त्यातले कागद पोलिसांपर्यंत किती गेले, ते आप्पांनाच ठाऊक. बाकीचे युरियाच्या गोणीत. मध्यंतरी ती गोणी रद्दीत गेली. नाक्यावरच्या गाडीवर मी वडापाव घेतला, तर तेलकट कागदावरून खोली नंबर चारचा भाडेकरू माझ्याकडे टकामका बघत होता. चटणी नेमकी त्याच्या जन्मतारखेवर.

मे २०२२मध्ये आधारवाल्यांच्या बेंगळुरू कार्यालयानं बजावलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या. दोन दिवसांत सरकारनं ते पत्रक मागंही घेतलं. आप्पांनी वाचलं ते फक्त मागं घेतल्याचं. पुढं एका शहाण्या पोरानं तसलं आधार पुढं केलं, तर म्हणाले, "बाकीचे आकडे उंदरानं खाल्ले काय?" पोराला खोली मिळाली नाही.

स्वतःचं म्हणाल, तर एटीएमचा पिन आप्पा देवाशप्पथ कुणाला सांगत नाहीत. पॅनची सही केलेली झेरॉक्स मात्र सिमवाल्याला, फायनान्सच्या पोराला, जमिनीच्या एजंटाला, मागेल त्याला. कशासाठी दिली ते झेरॉक्सवर लिहायचं असतं, हे त्यांच्या गावी नाही.

परवा स्कॉर्पिओच्या कर्जाला गेले. साहेब म्हणाले, "आप्पा, सिबिल खराब आहे." आप्पांनी विचारलं, "मग कुठल्या डॉक्टरला दाखवू?" कुणीतरी त्यांच्या पॅनवर ॲपवरून कर्ज उचललं होतं, हप्ते थकलेले. पत्ता आप्पांचाच, खोली नंबर नऊ. कर्जाचं सोडा, नववी खोली निघाली कुठून आणि तिचं भाडं खाल्लं कुणी, यावर आप्पा दोन दिवस धुमसत होते.

शेवटी हिंजवडीला नोकरीला असलेला पुतण्या बसला. संचार साथीवर बघितलं, तर आप्पांच्या नावावर पाच सिम, त्यातली त्यांची दोन. उरलेल्यांवर 'माझा नंबर नाही' अशी नोंद केली. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. खात्यातनं पैसे गेले असते तर आधी १९३०ला फोन लावायचा असतो, हेही ऐकवलं. तक्रारीची प्रत जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि सिबिललाही कळवलं.

"आणि त्यांनी नाहीच दुरुस्त केलं तर?"

"रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आप्पा. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई."

आप्पा गप्प झाले. ओठ हलले, बोटं मोजली गेली.

"म्हणजे महिन्याला तीन हजार. लाईट-पाण्याची कटकट नाही, डिपॉझिट परत द्यायचं नाही... बाळा, त्यांच्या फार मागं लागू नकोस."