नव्या कापडाची वाकळ

कापडाच्या दुकानात मला एकट्याला सोडायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम आहे. इतरांचे नवरे पत्ते, तंबाखू, शेअर बाजार अशा भारदस्त गोष्टींनी बिघडतात. मला कटपीसचा ढीग पुरतो. फळीवरून ताका धप्पकन खाली पडला, दुकानदाराने कडेला कात्रीने इवलीशी चीर देऊन टर्रकन कापड फाडलं आणि नव्या मांजरपाटाच्या खळीचा वास नाकात शिरला, की माझा हात आपोआप पोत चाचपू लागतो आणि तोंड आपोआप "पन्हा किती?" म्हणून विचारतं. पन्हा छत्तीस इंच असो की चव्वेचाळीस, मला त्याने काही फरक पडत नाही, कारण मला शिवायचं काहीच नसतं. पण "काय शिवायचंय, साहेब?" असा थेट सवाल आला की मी गडबडून "अभ्रे" म्हणून मोकळा होतो. त्या दुकानदाराच्या समजुतीप्रमाणे मी एखादं वसतिगृह चालवत असणार.

दिवाणाच्या पोटात, माळ्यावरच्या ट्रंकेत, बॅगेत ठेवलेल्या बॅगेत, झालंच तर स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मोठ्या डब्यात, जिथे फट दिसली तिथे मी केंब्रिक, पॉपलिन, खण, मलमल कोंबत गेलो. "लागेल कधीतरी" या दोन शब्दांवर माझी बँकेतली सगळी नोकरी निभली. मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी ही म्हणाली, "आता या कापडालाही निवृत्त करा."

म्हणून मी गोधडी शिवायची ठरवली. तुकडे तर हवेच होते, पण कात्री घेऊन बसलो आणि लक्षात आलं की माझं कापड कापवत नाही. हे चांगलं आहे, हे फारच चांगलं आहे, हे आता बाजारात मिळत नाही, असं म्हणत मी सगळ्या घड्या उलगडल्या आणि सगळ्या पुन्हा घातल्या. शेवटी नजर गेली हिच्या ओटीच्या ब्लाउजपीसांच्या पिशवीकडे. तुम्हाला माहीतच आहे, ओटीचा ब्लाउजपीस हा काही शिवण्यासाठी जन्माला येत नाही. तो हळदीकुंकवाला येतो, डोहाळजेवणाला जातो, बारशाला ओझरता भेटतो आणि आयुष्यभर घडीतच राहतो. मी प्रत्येक घडीच्या आतल्या भागातून सहा इंचांचा एकेक चौकोन काढून घेतला आणि वरून काही दिसणार नाही अशा बेताने घडी पूर्ववत केली. नवरात्रात हिने त्याच पिशवीतून सवाष्णींच्या ओट्या भरल्या, कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मी निर्धास्त झालो. पुढे चैत्रातल्या हळदीकुंकवाहून ही एक जांभळा ब्लाउजपीस घेऊन आली. रंग आवडला म्हणून तिने तो जन्मात पहिल्यांदा शिवायला टाकायचं ठरवलं आणि उलगडला. मधोमध चौकोनी खिडकी! नवरात्रापासून चैत्रापर्यंत तो बापडा किती घरं फिरला असेल देव जाणे, पण एकाही घरात कोणी त्याची घडी मोडली नव्हती. हा समाजशास्त्रीय शोध मी हिला समजावून सांगू लागलो. हिने त्या खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

तरी शिवणकाम सुरूच होतं. एका ओळीत सहा इंची बारा चौकोन, म्हणजे बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट लांबी, हा हिशेब मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती. पण शिवणीत प्रत्येक बाजूने पाव इंच कापड आत जातं, म्हणजे चौकोनामागे अर्धा इंच, हे ज्याने जन्मभर लोकांच्या खात्यांवर व्याज लावलं त्याच्या डोक्यात आलं नाही. गोधडी भरली साडेपाच फूट. त्यात चार कोपऱ्यांना शोभेसाठी उरेब कापलेले त्रिकोण लावले होते. उरेब कापड ताणावं तसं ताणलं जातं, त्यामुळे कोपरे सैलावून चारी दिशांना लोंबू लागले. थर जाड व्हावा म्हणून आत सोलापुरी चादर घातली होती. तिच्यातून सुई जाईना, मग दाभण घेतला, तो एकदम आरपार गेला आणि खालच्या सतरंजीचाही एक पट्टा गोधडीला कायमचा जोडून आला.

मग मी ती धुतली. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. वरचे तुकडे आपापल्या मर्जीने आटले, आतली चादर मात्र कधीच आटून-बिटून निवांत झालेली, त्यामुळे गोधडीवर जागोजागी टेंगळं आली. लाल खणाने शेजारपाजारच्या सगळ्या चौकोनांत रंग खेळून घेतला. आणि लांबी उरली सव्वापाच फूट. माझी उंची पाच फूट नऊ इंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी पांघरूण पाहून पाय दुमडले.

हिच्या नजरेत पुन्हा चढावं म्हणून मी जगाचा दाखला दिला. म्हटलं, अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली.

"तुमचीही भिंतीवरच लावा," ही म्हणाली. "पांघरायला नको."

त्या बायकांनी शेतात घालून झिजलेल्या पँटी आणि सदरे वापरले होते, हेही मी वाचलं होतं, पण ते वाक्य मी घाईत ओलांडून गेलो होतो. त्याची किंमत कळली कराडकडून आत्या आली तेव्हा. आत्याने ऐंशी कधीच ओलांडली आहे आणि सबंध भावकी तिच्या वाकळांखाली झोपून मोठी झाली आहे. तिने माझी कलाकृती उजेडात धरली.

"आरं बाळ्या, ही वाकळ हाय का पापड?" मग बोटांनी कापड चोळून म्हणाली, "समदं नवं घातलंस व्हय? नवं कापड आटतंय, रंग सोडतंय. लुगडं धू धू धुवावं, आटायचं ते आटून जाऊ द्यावं, रंग जायाचा त्यो जाऊ द्यावा, मंग त्याची वाकळ. सुई बी आपसूक जाती. काढ एखादं जुनेर, दावते."

जुनेर! मी घरभर शोधलं. नऊवार लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, तेवढं सोडाच, एक विरलेला पंचासुद्धा सापडेना. आमच्याकडचं जुनं कापड वर्षानुवर्षं बोहारणीकडे जाऊन त्याचे स्टीलचे डबे झाले होते, आणि त्याच डब्यांत मी नवं कापड भरून ठेवलं होतं. शेवटी आत्याने स्वतःच्या पिशवीतलं जुनेर काढून जमिनीवर अंथरलं, चार घड्या केल्या आणि टीव्हीवरची मालिका बघता बघता कडेने धावदोरा घालायला घेतला. कडेकडेने एक फेरा झाला की त्याच्या आतून दुसरा, असं करत ती मधोमध पोचली. पट्टी नाही, खडू नाही, वही नाही. माझ्या वहीतली रेघही इतकी सरळ नव्हती.

जाताना ती हुकूम सोडून गेली, "आदी वापर, मंग शिव."

तेव्हापासून मी कापड झिजवतो आहे. डब्यातलं सगळं बाहेर काढून शिंप्याकडून त्याचे शर्ट शिवून घेतले. कोयऱ्यांचा शर्ट घालून दूध आणतो, मोरांचा घालून बँकेत हयातीचा दाखला देतो. लाल खणाचा शर्ट बघून सोसायटीच्या सेक्रेटरींनी मी कुठल्या बँडपथकात वाजवतो, अशी चौकशी केली. आत्या दर रविवारी न चुकता फोन करते.

"ईरला का रं एखादा?"

"नाही गं आत्या. कॉलरसुद्धा शाबूत आहे. कापड फार उत्तम निघालं."

"तुझं नशीबच खोटं," आत्या हळहळते.